येणाऱ्या बाळासाठी स्वेटर विणताय?

लोकर घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो. आम्ही मात्र आधी विचारतो, बाळ कोणत्या महिन्यात येणार? नवजात बाळाच्या मापाचा स्वेटर बघता बघता आखूड होतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांचं माप धरा आणि बाळ तेवढं होईल तेव्हा थंडी असेल का, हे बोटांवर मोजून पाहा. नसेल तर सुती धागा घ्या, नाहीतर सरळ पुढचं माप विणा. मोठा झालेला स्वेटर बाह्या दुमडून घालता येतो, लहान झालेला कपाटातच राहतो.

माप आणि नमुना

जन्माच्या वेळी बाळाची छाती साधारण 33 सेंमी असते आणि डोकं त्याहून मोठं, 35 सेंमीच्या आसपास. त्यात मानही धरलेली नसते. तेव्हा डोक्यावरून घालायचा बंद गळा नको, पुढून पूर्ण उघडणारा स्वेटरच बरा.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळासाठी स्वेटरचा घेर 47 सेंमीच्या आसपास ठेवा. डबल निटिंग (मध्यम जाडीची) लोकर आणि 8 नंबरच्या (4 मिमी) सुया घेतल्या, तर सुलट विणीत 10 सेंमीला साधारण 22 टाके बसतात. या हिशेबाने 104 टाक्यांत घेर 47 सेंमी होतो. पण तुमचा हात घट्ट असेल आणि 24 टाके बसले, तर तोच स्वेटर 43 सेंमीचा होईल आणि बाळाला आवळेल. हात घट्ट असेल तर 7 नंबरच्या सुया घ्या, सैल असेल तर 9 नंबरच्या. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं. नमुन्याचा चौकोन विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तरी विणा. धुऊन वाळवा आणि मग मधोमध टाके मोजा.

लोकर

दीडशे ग्रॅम पुरते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या, नाहीतर बाहीचा रंग अंगापेक्षा वेगळा दिसतो. बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात, म्हणून मशीनमध्ये चालणारी मेरिनो किंवा बेबी ॲक्रिलिक सोयीची. साधी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावू नका, वीण कायमची लोळागोळा होते. मोहेर दिसायला कितीही गोड असली तरी तिचे केस बाळाच्या नाकातोंडात जातात, म्हणून आम्ही ती बाळासाठी सुचवत नाही.

हे टाळा

गळ्याशी नाडी, रिबन, गोंडे नकोत. मोठ्या जाळीत बोटं अडकतात. दोन रंगांत विणताना आतल्या बाजूला लांब धागे सुटे राहू देऊ नका, तेही बोटाला गुंडाळले जातात. बटणं चपटी घ्या, दुहेरी दोऱ्याने शिवा आणि ओढून पाहा. दर धुण्यानंतर पुन्हा तपासा.

गळ्याचे टाके बंद करताना एका नंबरने जाड सुई वापरा, म्हणजे कड आवळत नाही. वाळवताना स्वेटर टांगू नका, पंचावर सपाट पसरा.

लेबल शाबूत असलेला, न उघडलेला गुंडा आम्ही बदलून देतो. मुंड्याचे टाके कमी करताना अडलात तर उसवू नका, विणकाम सुयांवर आहे तसंच घेऊन या.