उघडी नोंद आणि बंद फाइल: ऑब्सिडियनच्या प्लगिननं कुठं लिहायचं?

बेळगावच्या उद्यमबागेत मामाचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. सकाळी किती कास्टिंग आली, संध्याकाळी कोणत्या चलनावर (माल पाठवायच्या पावतीवर) किती गेली, हे तो लॅपटॉपवर ऑब्सिडियन नावाच्या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये लिहितो. रोजची एक नोंद. त्याच्यासाठी मी एक प्लगिन, म्हणजे त्या ॲपला जोडायचा छोटा प्रोग्राम, केलं: बटण दाबलं की चालू नोंदीत वेळ आणि चलनाची रिकामी ओळ यावी, एवढंच.

पहिल्याच दिवशी फोन आला. "अरे, मी शिरोलीच्या गिऱ्हाइकाचे नग लिहीत होतो, बटण दाबलं आणि कर्सर गेला वर. शेवटचे दोन आकडे पण गायब!"

चूक माझीच होती. पडद्यावरची नोंद आणि डिस्कवरची फाइल ही मी एकच वस्तू धरली होती. प्लगिन लिहायला बसणारे बहुतेक जण सुरुवातीला इथंच फसतात, कारण ऑब्सिडियनच्या नोंदी म्हणजे फोल्डरमधल्या साध्या मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या) फाइली, हे आपण आधीच ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. पण नोंद उघडी असताना तिचा ताजा मजकूर एडिटरच्या, म्हणजे टाइप करायच्या भागाच्या, ताब्यात असतो. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर लगेच डिस्कवर जात नाही, दोनेक सेकंदांनी जातं. मी त्या दोन सेकंदांच्या आत डिस्कवरची जुनी प्रत वाचली, तिला ओळ जोडली आणि 'व्हॉल्ट'च्या (नोंदींचं अख्खं फोल्डर सांभाळणाऱ्या भागाच्या) 'मॉडिफाय'नं अख्खी फाइल परत लिहिली. मामाचे आकडे अजून डिस्कवर पोचलेच नव्हते.

समोर उघडी असलेली नोंद बदलायची तर 'एडिटर'कडून बदलावी. बटणामागच्या कमांडला 'एडिटर कॉलबॅक' दिला की एडिटर आयताच हातात येतो, आणि नसेल तर कमांड दिसतच नाही. मग 'रिप्लेस रेंज'नं हवी तेवढीच ओळ घालायची. कर्सर जागेवर राहतो, मिटलेले परिच्छेद मिटलेलेच राहतात, आणि मामाला नको असेल तर कंट्रोल झेड दाबून ती ओळ जाते. एडिटरकडेच 'सेट व्हॅल्यू' पण आहे, दिसायला सोपी. ती सगळा मजकूर बदलते, म्हणजे दुखणं तेच.

एडिटरमध्ये जागा सांगायची ती ओळ आणि त्या ओळीतलं स्थान अशी. हे स्थान आपल्या अक्षरांत मोजलेलं नसतं. 'निपाणी' आपल्या लेखी तीन अक्षरं, पण संगणक न, इ-कार, प, आ-कार, ण, ई-कार असे सहा मोजतो. तिसऱ्या स्थानावर काही घुसवलं तर 'निप' एकीकडे राहतो आणि पुढचा तुकडा नुसत्या काना-मात्रेनं सुरू होतो. इंग्रजी नोंदींवर तपासून घेतलेल्या प्लगिनला हा रोग कळतच नाही. म्हणून मी ओळीच्या मध्ये हात घालत नाही, सुरुवातीला किंवा शेवटी लिहितो.

आता दुसरं काम. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. घरात आम्ही बेळगावच म्हणतो, पण बिलात सरकारी नाव हवं, म्हणून मामाला जुन्या नोंदींतल्या पत्त्यांत 'बेळगाव'चं 'बेळगावी' करून हवं होतं. शेकडो फाइली, बहुतेक बंद. इथं एडिटर नाहीच, आणि या कामाला फाइली एकेक उघडत बसणं वेडेपणा. हे काम 'व्हॉल्ट'चं, पण 'मॉडिफाय'चं नव्हे, 'प्रोसेस'चं.

दोन्ही फाइलच लिहितात, म्हणून सारखी वाटतात. 'मॉडिफाय'ला तुम्ही तयार मजकूर देता. तो तुम्ही कधी वाचला आणि मध्ये काय घडलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. 'प्रोसेस'ला तुम्ही फंक्शन देता. ती त्या क्षणाचा मजकूर वाचून तुमच्या हातात ठेवते आणि तुम्ही परत दिलेला लिहिते. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसरं कुणी शिरत नाही. अट एकच: त्या फंक्शनमध्ये थांबायला परवानगी नाही. आधी नेटवरून काही आणायचं असेल तर 'कॅश्ड रीड'नं वाचा, काम उरका, मग 'प्रोसेस'मध्ये शिरून मजकूर अजून तोच आहे का बघा. बदलला असेल तर पुन्हा करा किंवा माणसाला विचारा.

('रीड' आणि 'कॅश्ड रीड' ही आणखी एक जुळी जोडी. नुसतं दाखवायचं असेल तर 'कॅश्ड रीड', वाचून, बदलून थेट परत लिहायचं असेल तर 'रीड'.)

'प्रोसेस' तुमच्या बदलाच्या अकलेची हमी मात्र देत नाही. मी साधी अदलाबदल लिहिली आणि आधीच नीट असलेल्या नोंदीत 'बेळगावीी' झालं, 'बेळगावात'चं 'बेळगावीात' झालं. शब्दाची हद्द दाखवायला रेगेक्समध्ये (मजकुरातला नमुना शोधायच्या खुणांच्या भाषेत) जी 'बॅकस्लॅश बी' खूण वापरतात, ती देवनागरीवर चालत नाही, तिला फक्त रोमन अक्षरं आणि आकडे कळतात. पुढे अक्षर किंवा मात्रा नसावी, अशी अट युनिकोडचे (सगळ्या लिपींच्या अक्षरांच्या यादीतले) वर्ग आणि 'यू' फ्लॅग वापरून आपणच लिहायची.

एक प्रश्न उरतो: फाइल मागच्या टॅबमध्ये उघडी असेल तर? मी आधी फक्त समोरचाच टॅब तपासत होतो. 'गेट लीव्ह्ज ऑफ टाइप'नं मार्कडाउनचे सगळे टॅब बघायचे, त्यात ती फाइल सापडली तर तिच्या एडिटरकडून, नाहीतर 'प्रोसेस'नं. १.७.२ पासून न बघितलेले टॅब खरे उघडतच नाहीत, तिथं जागा धरून ठेवलेला पोकळ व्ह्यू (टॅबमध्ये मजकूर दाखवणारा भाग) असतो. त्यामुळे व्ह्यू खरंच 'मार्कडाउन व्ह्यू' आहे का हे 'इन्स्टन्स ऑफ'नं विचारल्याशिवाय त्याचा एडिटर मागू नये. मी मागितला, आणि शंभरेक फाइली बदलून झाल्यावर प्लगिन मध्येच बसलं. अर्ध्या नोंदी बेळगावी, अर्ध्या बेळगाव. मामा म्हणाला, "राहू दे तसंच, आपल्या गावाचं असंच आहे."