बाजीहा-ये नमायेशी

इराणी स्त्रियांनी केवळ स्त्रियांपुढे करायचे, गाणे, नाच व सोंग यांनी बनलेले विनोदी खेळ. फार्सीत ‘बाजी’ म्हणजे खेळ (मराठीतली बुद्धिबळाची ‘बाजी’ मूळची हीच) आणि ‘नमायेश’ म्हणजे प्रयोग. लग्नघर किंवा बाळंतिणीचे दहाव्या दिवसाचे न्हाण हे त्यांचे नेहमीचे प्रसंग. साथीला दायरे हे डफासारखे वाद्य. ते नसेल तर तांब्याचे ताटही चालते. एक बाई सोंग घेते, बाकीच्या कोंडाळे करून तिला गाण्यातून प्रश्न विचारतात. पुरुषांची सोंगेही बायकाच घेतात.

‘खाले रो-रो’ हा सर्वांत प्रसिद्ध खेळ. खाले म्हणजे मावशी. पोटावर कपड्यांची गुंडाळी बांधून ती नाचते. ‘मावशी, कितवा महिना?’ या प्रश्नावर ‘पहिला’ असे उत्तर येते. पुढे महिन्यागणिक तिची चाल जड होत जाते आणि नवव्यानंतर बाळंतपणाची नक्कल होते. ‘मूर्चे दारे’ या खेळात नाचणारीच्या अंगावर मुंग्या चढतात, ‘कुठे?’ असे विचारताच ती एकेक वस्त्र उतरवते. ‘अमू सब्जीफरूश’मध्ये भाजीवाला व गिऱ्हाईक यांचे द्व्यर्थी बोलणे असते.

उत्पत्तीचा प्रश्न वादाचा आहे. गर्भिणीचे सोंग पाहून प्राचीन सुफलनविधी, म्हणजे पीक व संतती वाढावी म्हणून केलेला विधी, आठवतो. पण हा दुवा केवळ साम्यावर उभा आहे. दुसरा मार्ग ‘तख्त-हौजी’कडे जातो. अंगणातल्या हौदावर फळ्या टाकून होणाऱ्या या प्रहसनात स्त्रीभूमिका ‘जनपूश’ म्हणजे स्त्रीपार्टी नट करीत. ठराविक पात्रे व हजरजबाबी सवालजवाब दोन्हींकडे दिसतात. मात्र उसनवारी कोणी कोणाकडून केली हे त्यावरून ठरत नाही. इराणचा काजार राजा फतह अली शाह याच्या (राज्यकाल 1797–1834) जनान्यात उस्ताद मीना व उस्ताद जोहरा यांचे वादक स्त्रियांचे प्रतिस्पर्धी ताफे होते. घरगुती खेळ त्यांच्यापासून निघाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अभ्यासक कावे सफा-इस्फहानी यांनी 1980 मध्ये मूळ शोधण्याऐवजी स्त्रियांची जगाकडे पाहण्याची दृष्टी या खेळांत वाचली. ती वाट अधिक फलदायी वाटते.

नाटककार बहराम बैजाई यांचा इराणी नाट्यावरील ग्रंथ 1965 चा, तर लोकसाहित्याचे संग्राहक अंजवी शीराजी यांचा या खेळांचा संग्रह 1973 चा. अंजवींना लोकसाहित्याची बरीच सामग्री त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांकडून पत्राने आली. पत्रात शब्द येतात. कमरेची लचक, डोळा मारणे, पोट सांभाळत बसण्याची तऱ्हा येत नाही, आणि हसू तर तिथेच पिकते.

घरातल्या या खेळांपलीकडे, सार्वजनिक रंगभूमीवर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अभिनेत्री बहुतांशी आर्मेनियन व अन्य बिगरमुस्लिम होत्या. पहिला फार्सी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ (1933) मुंबईत इंपीरियल फिल्म कंपनीत तयार झाला. त्याची नायिका रूहअंगीज सामीनेजाद. पुढे ‘खाले रो-रो’चे गाणे घराबाहेरही गायले जाऊ लागले.