कॉलमचा कॅरेक्टर सेट वेगळा, कनेक्शनचा वेगळा

मेल डेटाबेसमध्ये साठवणाऱ्या प्रणालीत मराठी विषय-ओळीच्या जागी अगम्य चिन्हे दिसू लागली, की 'टेबल यूटीएफ-८ करा' हा सल्ला हमखास मिळतो. यूटीएफ-८ हा सर्व लिप्या सामावणारा कॅरेक्टर सेट, म्हणजे कोणते अक्षर कोणत्या बाइट्समध्ये लिहायचे याचा तक्ता. टेबल बहुधा आधीपासूनच यूटीएफ-८ असते. चूक असते ती कनेक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीत, आणि कॉलम व कनेक्शन यांचे कॅरेक्टर सेट एकच मानले जातात तोवर ती सापडत नाही.

कॉलमचा सेट साठवलेल्या बाइट्सचा अर्थ ठरवतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तो यूटीएफ८एमबी४ (पूर्ण यूटीएफ-८) असावा, कारण तिथल्या जुन्या यूटीएफ८मध्ये अक्षराला तीनच बाइट्स मिळतात आणि इमोजीला चार लागतात. कॉलमबाबत एवढे पुरे.

कनेक्शनचा सेट म्हणजे 'मी पाठवतो ते बाइट्स अमुक सेटमधले आहेत' हे क्लायंटने (डेटाबेस वापरणाऱ्या प्रोग्रामने) सर्व्हरला दिलेले निवेदन. सर्व्हर ते खरे धरून बाइट्सचे कॉलमच्या सेटमध्ये रूपांतर करतो. समजा, प्रोग्रामने मेलमधले बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडून 'म' हे अक्षर यूटीएफ-८मध्ये, म्हणजे ई० ए४ एई या (हेक्समध्ये, म्हणजे सोळा-आधारी अंकांत लिहिलेल्या) तीन बाइट्समध्ये पाठवले, पण कनेक्शन लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचा, अक्षराला एकच बाइट देणारा सेट) म्हणून उघडलेले आहे. लॅटिन१मध्ये कोणताही बाइट चालतो, त्यामुळे सर्व्हर तक्रार न करता ही लॅटिन१मधली तीन वेगळी चिन्हे समजतो आणि सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे सहा बाइट्स साठवतो. त्याच चुकीच्या कनेक्शनने वाचताना हेच रूपांतर उलटे होते आणि पडद्यावर 'म' अगदी बरोबर उमटतो. प्रणाली अशी वर्षानुवर्षे चालते. पुढे कनेक्शन योग्य रीतीने उघडणारा एखादा नवा प्रोग्राम येतो, त्याला खरा साठा दिसतो, आणि दोष मात्र त्याच्याच माथी मारला जातो. हा अन्याय पाहून मला खरोखर चीड येते. म्हणून पडद्यावर विसंबू नये. हेक्स फंक्शनने साठवलेले बाइट्स पाहावेत.

याउलट कॉलम लॅटिन१, कनेक्शन यूटीएफ८एमबी४ आणि स्ट्रिक्ट मोड (न बसणारा मजकूर नाकारण्याची सोय) बंद असेल, तर अक्षराऐवजी प्रश्नचिन्हच साठवले जाते आणि मूळ अक्षर कायमचे जाते. आधीच्या उदाहरणासारखा दुहेरी रूपांतर झालेला मजकूर मात्र परत मिळवता येतो: तो लॅटिन१मध्ये बदलावा, त्याला बायनरी मानावे आणि ते बाइट्स यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचावेत. हे फक्त बिघडल्याची खात्री झालेल्या ओळींवरच करावे, कारण चांगल्या देवनागरी ओळींची त्याने प्रश्नचिन्हे होतात. दाखवण्याच्या कोडमध्ये उलटे रूपांतर चिकटवून वेळ मारून नेणे मला मुळीच मान्य नाही. साठा बिघडलेलाच राहतो आणि त्यात मराठी शब्द शोधले तर सापडत नाहीत.

कॅरेक्टर सेट कनेक्शन उघडतानाच ड्रायव्हरला (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीला) सांगावा. मागाहून 'सेट नेम्स' ही सेट बदलण्याची आज्ञा चालवली तर सर्व्हरला बदल कळतो, पण ड्रायव्हरला कळतोच असे नाही, आणि एस्केपिंग (आज्ञेचा अर्थ बदलू शकणारी अवतरणचिन्हांसारखी चिन्हे निष्प्रभ करणे) ड्रायव्हरकडे असते. मूळ मेल मात्र मजकुराच्या कॉलममध्ये कधीच ठेवू नये. ती ब्लॉब या कच्चे बाइट्स साठवणाऱ्या कॉलममध्ये ठेवावी. ब्लॉबला कॅरेक्टर सेट नसतो, त्यामुळे तिथे बाइट्स जसेच्या तसे राहतात, डीकेआयएमची (मेल वाटेत बदलली नाही हे सिद्ध करणारी) सही पुन्हा तपासता येते, आणि शोधासाठीचे कॉलम बिघडले तरी त्या मेलमधून ते नव्याने भरता येतात.