नेमबाजीचे काडतूस

स्थिर लक्ष्यावरील स्पर्धात्मक नेमबाजीसाठी विशेष काळजीने तयार केलेले आणि निवडलेले काडतूस. नेमबाजांच्या बोलीत याला ‘मॅच’ काडतूस म्हणतात. शिकारी किंवा लष्करी काडतुसापेक्षा ते जोरकस असते असा समज आढळतो, पण बहुधा उलटच असते. एकसारखेपणा हाच त्याचा मुख्य गुण : पहिली गोळी ज्या वेगाने, ज्या तोलाने आणि ज्या वाटेने गेली, तशीच साठावीही जावी. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आला असे सामान्यतः मानले जाते. गोळी, पुंगळी, दारू आणि दारू पेटवणारा प्रायमर हे त्याचे चार घटक. प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असल्यास काडतूस रिमफायर, मध्यभागी वेगळा बसवलेला असल्यास सेंटरफायर. ५० मी. रायफलीच्या स्पर्धा रिमफायर जातीच्या ०.२२ इंची (५.६ मिमी.) लाँग रायफल काडतुसावर होतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच्यापुरती आहे.

उगम : रिमफायर कल्पनेचे मूळ पॅरिसचे बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर यांच्याकडे जाते. १८४५ च्या सुमारास त्यांनी प्रायमरच्या टोपीतच बारीक गोळी बसवून दिवाणखान्यातील नेमबाजीसाठी काडतूस केले. त्यात वेगळी दारू नव्हती. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पुंगळी लांबवून तीत काळी दारू भरली. हेच ०.२२ शॉर्ट. पुढे १८७१ च्या सुमारास ०.२२ लाँग आणि त्यानंतर काही वर्षांनी ४० ग्रेन गोळीचे एक्स्ट्रा लाँग आले.

लाँग रायफल काडतूस म्हणजे लाँगची पुंगळी आणि एक्स्ट्रा लाँगच्या वजनाची ४० ग्रेन (सु. २.६ ग्रॅ.) गोळी यांचा संयोग. त्याचे श्रेय रूढपणे जे. स्टीव्हन्स या अमेरिकी कंपनीला आणि १८८७ या वर्षाला दिले जाते. ते प्रथम भरले कोणी, यावर मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार ओहायोतील पीटर्स कंपनीने ते स्टीव्हन्ससाठी मुद्दाम भरले. परंतु पीटर्स कंपनीची स्थापनाच १८८७ मधली. शिवाय स्टीव्हन्सच्या १८८८ च्या कॅटलॉगात या काडतुसाच्या संदर्भात उल्लेख येतो तो युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचा. नंतरच्या आठवणींपेक्षा समकालीन कॅटलॉगाचे वजन अधिक धरणे योग्य वाटते. त्याच कॅटलॉगात नव्या काडतुसासाठी नळीतील आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचांचा) पीळ वाढवल्याची नोंद आहे. लांब गोळी स्थिर राहण्यासाठी ती जास्त वेगाने स्वतःभोवती फिरावी लागते, हे तत्त्व ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये सूत्रबद्ध केले होते. आज या काडतुसासाठी १६ इंचांत एक वेढा हा पीळ रूढ आहे.

प्रायमरमुळेही बराच काळ अडचण होती. जुन्या मिश्रणातील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे क्षार उरे. तो हवेतील ओलावा शोषून घेई आणि नळी गंजे, त्यामुळे एकदा जमलेली अचूकता टिकत नसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिसे-स्टिफ्नेट या शिशाच्या स्फोटक संयुगावर आधारित, गंज न आणणारे प्रायमर जर्मनीत व अमेरिकेत प्रचारात आले. बंदिस्त रेंजवर आज वायुवीजनाचा आग्रह धरतात, त्याचे एक कारण याच शिशाचा धूर.

रचना आणि तिचे परिणाम : ०.२२ लाँग रायफलची गोळी टाचेची असते. तिचे शरीर पुंगळीच्याच जाडीचे, तर बूड थोडे निमुळते करून पुंगळीत बसवलेले असते. गोळी मऊ शिशाची असून तिच्यावर मेण किंवा चरबीयुक्त वंगणाचा लेप असतो. तिचे उघडे अंग नखानेही खरवडले जाते. त्यामुळे मॅच काडतुसांच्या पेटीत प्रत्येकासाठी वेगळे घर केलेले असते, ते दिखाऊ नव्हे. अमेरिकी संशोधक एफ. डब्ल्यू. मान यांनी मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार टोकाची इजा फारशी बाधत नाही, बुडाची मात्र फार बाधते. नळीतून सुटताना मागचा वायू वाकड्या बुडावर असमान रेटा देतो, हे त्याचे कारण. जाकीट (धातूचे पातळ आवरण) असलेल्या सेंटरफायर मॅच गोळ्यांचे टोक उघडे असते तेही यामुळेच. जाकीट बुडाकडून टोकाकडे ओढल्याने बूड अखंड व नेटके राहते. हे उघडे टोक शिकारी गोळीसारखे फुलण्यासाठी असते, हा समज चुकीचा आहे.

वेग : मॅच काडतुसाचा नळीच्या तोंडाशी वेग सामान्यतः ३२० ते ३३० मी./से., म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा (सु. ३४० मी./से.) जरा कमी ठेवतात. याला दोन कारणे आहेत. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकाएकी वाढतो आणि तो उंबरठा ओलांडून खाली येणाऱ्या गोळीचा तोल ढळू शकतो. दुसरे कारण वाऱ्याचे असून ते प्रथमदर्शनी पटत नाही. वाऱ्याने गोळी किती सरकते हे उड्डाणाच्या एकूण वेळेवर अवलंबून नसते. हवा नसती तर लागला असता त्याहून किती जास्त वेळ लागला, या ‘उशिरा’वर ते अवलंबून असते. ३८० मी./से.ने सुटलेली गोळी लवकर पोहोचते, पण रोध जास्त असल्याने तिचा उशीर मोठा, म्हणून ती संथ गोळीपेक्षा अधिक सरकते. आडवा वारा २ मी./से. असेल तर मॅच गोळी ५० मी. अंतरावर सु. १२ ते १५ मिमी. सरकते. त्या निशाणाचे दहाचे वर्तुळ १०.४ मिमी. व्यासाचे आहे. गोळीच्या छिद्राची कड रेषेला शिवली तरी दहा मिळत असल्याने गोळीच्या केंद्राला प्रत्यक्षात सु. १६ मिमी. व्यासाची मुभा असते.

वेगातील तफावतीचा हिशेब याच मापाने करता येतो. ५० मी.ला सु. ०.१६ सेकंद लागतात व तेवढ्यात गोळी सु. १२५ मिमी. खाली येते. वेग १० मी./से.ने कमी-जास्त झाला तर उभ्या दिशेत ७ ते ८ मिमी. फरक पडतो. तथापि नळीही गोळी सुटताना कंप पावत असते. संथ गोळी किंचित उशिरा, नळीचे तोंड वर जात असताना बाहेर पडली, तर हा फरक अंशतः भरून निघतो. या ‘अनुकूल भरपाई’मुळे वेगमापकावर सामान्य दिसणारा लॉट (एका वेळी बनवलेल्या काडतुसांचा साठा) एखाद्या नळीतून उत्तम लागतो. केवळ वेगमापकाच्या आकड्यांवर विसंबू नये ते यासाठी.

निवड : सर्व रायफलींसाठी सर्वोत्तम असे काडतूस नसते. निवड ठरावीक नळी आणि ठरावीक लॉट यांच्या जोडीची करायची असते. ईली, आरडब्ल्यूएस, लापुआ या कंपन्यांची वरच्या दर्जाची काडतुसे लॉट क्रमांकासह विकली जातात. एकाच नावाच्या दोन लॉटांत, एकाच लॉटच्या दोन नळ्यांतील निकालाइतकाच फरक आढळू शकतो. म्हणून कंपन्यांच्या चाचणी-बोगद्यात रायफल शिकंजात पकडून अनेक लॉट झाडले जातात व पसंत पडलेला लॉट नेमबाज हंगामभरासाठी एकदम घेतो. काडतूस बदलल्यावर जुन्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत काही गोळ्या जाऊ द्याव्या लागतात. त्या गटात (एकाच निशाणावर ओळीने झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांत) धरणे ही चाचणीतील नेहमीची चूक.

दुसरी चूक संख्याशास्त्रीय आहे. गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढते : फैलाव वर्तुळाकार व सामान्य वितरणाचा धरल्यास पाच गोळ्यांच्या गटाची सरासरी रुंदी प्रमाण विचलनाच्या (फैलावाच्या संख्याशास्त्रीय मापाच्या) ३.०७ पट, तर दहाच्या गटाची ३.८१ पट येते. पाचांच्या एका सुबक गटावरून लॉट ठरवणे म्हणजे नाणेफेकीच्या जवळ जाणे होय. दहा गोळ्यांचे निदान चार-पाच गट झाडून सर्व छिद्रे एकत्र पाहावीत. खराब गोळी ‘माझीच चूक’ म्हणून वगळण्याचा मोह आवरावा. एकेक काडतूस तोलून किंवा कडेची जाडी मोजून वेगळे काढण्याची प्रथा जुनी आहे. वजनातला फरक गोळीचा की पुंगळीचा हे बाहेरून कळत नसल्याने तोलण्याचा उपयोग संशयास्पद वाटतो. जाडी मोजण्याला थोडा आधार आहे, कारण रिमफायर काडतूस कोठीत (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) कडेवरच टेकते. तरी चांगल्या लॉटात याने फारसा लाभ होतो असे नाही. नळीवर कोरलेल्या नावाशी तंतोतंत न जुळणारे काडतूस मात्र कोठीत बसत असले तरी कधीही वापरू नये.

थंडीत वंगण घट्ट होते व वेग बदलतो. बायथलॉन (बर्फावरील स्कीइंग व नेमबाजी यांच्या) स्पर्धा १९७८ पासून ०.२२ वर आल्या आणि त्यांच्यासाठी कमी तापमानातही एकसारखी चालणारी काडतुसे निघाली.

इतर प्रकार : ३०० मी. रायफलीत ८ मिमी.पर्यंतची सेंटरफायर काडतुसे चालतात. १० मी. हवाई रायफलीची ४.५ मिमी. छर्रा-गोळी सपाट तोंडाची असते व त्यामुळे कागदात स्वच्छ गोल छिद्र पडते. तिच्या डोक्याचा व्यास ०.०१ मिमी.च्या टप्प्यांनी निवडता येतो. शॉटगनच्या ऑलिंपिक स्पर्धांत छर्‍यांचे वजन २४ ग्रॅ.पुरते मर्यादित आहे.