कर्ण्याचं व्हायोलिन आमच्याकडे आणण्यापूर्वी

लाकडी पोटाऐवजी पत्र्याचा कर्णा असलेलं व्हायोलिन घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आवाज चरचरतो, जरा गोंद लावून द्या." काही जण तर तो घरीच लावून येतात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी.

या वाद्यात घोडी एका डुलत्या दांडीवर बसते. गज फिरला की दांडी हलते, तिला जोडलेली बारीक काडी डब्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीला हलवते आणि कर्णा तो आवाज पुढे फेकतो. थोडक्यात, ग्रामोफोनचा साउंडबॉक्सच. चकती रबराच्या कड्यांत धरलेली असते. रबर म्हातारं होऊन कडक झालं की चरचर सुरू. कडी बदलली की काम झालं, अर्धा दिवस पुरतो. पण काडीच्या सांध्यात सुपरग्लू गेला तर तो सोडवताना चकतीला सुरकुती पडते, आणि ती सुरकुती पुन्हा निघत नाही. मग नवी चकती घडवा, बसवा, जुळवा. तीन आठवडे गेलेच. "जिवंत आहे का" म्हणून चकती बोटाने दाबूनही बघू नका.

डबा उघडून तपासण्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो, त्यावर कुरकुर होते. पण न उघडता सांगितलेला अंदाज म्हणजे थाप. काम दिलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते.

"अस्सल आहे का?" हा दुसरा प्रश्न. हे वाद्य काढलं ऑगस्टस स्ट्रोने. जन्म फ्रँकफर्टचा, पोट लंडनमध्ये भरलं; मूळचा घड्याळजी, पुढे तारयंत्रं बनवणारा. त्याने १८९९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण होत नसे, आणि साध्या व्हायोलिनचा आवाज मुद्रणाच्या भोंग्यात नीट पोचत नसे. १९२५च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला आणि याची गरज सरली. काहींना वादकाच्या कानाशी दुसरा छोटा कर्णाही असतो. तो हरवला असेल तर करून देतो. आपल्याकडच्या तारशहनाईचं, म्हणजे कर्णा लावलेल्या, गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचं, तत्त्वही हेच. तीही दुरुस्त करतो.

बाजारात नकला पुष्कळ आहेत. नुसत्या ठशावर जाऊ नका. ठसा कुणीही मारतो. नक्कल असली तरी लाजू नका, नीट जुळवली तर छान वाजते.

आणताना कर्णा काढून वेगळ्या कापडात गुंडाळा. पितळ घासून चकचकीत करू नका, ती पावडर डब्यात जाते.