कायदेशीर पालकत्व (बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं)

मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की कायद्याने आईवडिलांचं पालकत्व संपतं, मग त्या मुलाला सही येवो न येवो, पैशांचा हिशोब कळो न कळो. अशा प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या वतीने मालमत्ता, बँक, पेन्शन, राहण्याची सोय बघायला जो माणूस किंवा जी संस्था रीतसर नेमली जाते, त्यांचा अधिकार आणि जबाबदारी म्हणजे कायदेशीर पालकत्व. भारतात हे काम मुख्यतः १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट म्हणजे राष्ट्रीय न्यास कायद्याखाली चालतं. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असे चारच गट त्यात येतात.

'मतिमंद' हा शब्द कायद्याच्या नावात अजून आहे, बोलण्यात मात्र बौद्धिक अक्षम किंवा बौद्धिक दिव्यांग म्हणतात आणि तेच बरं. दुसरा घोळ लर्निंग डिसॅबिलिटीचा. ब्रिटनमधे हा शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात, आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ अध्ययन अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनलेखनातली अडचण) वगैरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली माहिती वाचून इथे अर्ज करायला जाऊ नये, डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला पालक नेमायचा प्रश्नच येत नाही.

ही व्यवस्था नेमकी कशातून आली यावर एकमत नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा फक्त अज्ञानांसाठी, म्हणजे १८ वर्षांखालच्यांसाठी. १८५८ आणि नंतर १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यांत बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार एकाच पोत्यात भरलेले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो १९९३ मधे लागू झाला, मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलं. ते योग्यच होतं, पण त्याबरोबर जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घ्यायची वाटही यांच्यासाठी जवळजवळ बंद झाली. ही फट बुजवायला १९९९ चा कायदा आला असं काही जण मानतात. दुसरं मत असं की मूळ रेटा पालकांच्या संघटनांचा, 'आमच्यानंतर हिचं काय' या प्रश्नाचा. हे दुसरं मत जास्त पटतं, कारण फक्त फटच बुजवायची असती तर स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी त्यात घ्यायचं कारण नव्हतं, आणि आईवडील गेल्यावरची देखभाल हे न्यासाच्या, म्हणजे या कायद्याने उभ्या केलेल्या केंद्रीय संस्थेच्या, उद्दिष्टांतच लिहिलेलं आहे.

अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा. समिती तिघांची: जिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तीन महिन्यांतून निदान एक बैठक व्हायलाच हवी असं कायदा सांगतो. आईवडील, भावंडं, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था फॉर्म ए भरतात आणि नेमणूक फॉर्म बी वर होते. पाल्य स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत, भावाला व्हायचं असेल तर त्याची बायको सहपालक लागते. पालक लागतोच आहे का आणि लागत असेल तर कशासाठी, हे समितीने ठरवायचं असतं. हा भाग घाईत राहून जातो आणि सरसकट सगळ्यासाठी पालकत्वाचं पत्र दिलं जातं, ते बरोबर नाही.

एका बैठकीला मी अर्जदारांबरोबर बसले होते. चौतिशीचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. साहेबांनी विचारलं, "बाबा नसले की कुणाकडे राहणार?" त्याने बहिणीकडे बोट केलं, आणि सगळे कागद आवरायला लागल्यावर म्हणाला, "माझी गादी पण न्यायची." बहिणीने लगेच होकार दिला, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

त्या माणसाला काय हवं ते आधी विचारा, २०१६ च्या कायद्याचं म्हणणं नेमकं हेच आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार भारताने २००७ मधे मान्य केला, त्याला धरून या कायद्याच्या कलम १४ मधे मर्यादित पालकत्व आलं, म्हणजे ठराविक निर्णयापुरतं, ठराविक मुदतीचं, त्या व्यक्तीशी बोलून आणि तिच्या इच्छेप्रमाणे. इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही आता मर्यादित पालकच समजले जातील असं त्याच कलमात आहे. न्यासाचा कायदा खास असल्यामुळे त्यातलं पूर्ण पालकत्व तसंच राहतं असाही एक अर्थ काढतात, पण कलमाचे शब्द बघता तो ओढूनताणून वाटतो. मात्र ज्यांचं मूल बोलूच शकत नाही त्या आईबापांची काळजीही खोटी नाही, म्हणून गरज असेल तिथे संपूर्ण आधार द्यायची सोय याच कलमात ठेवलेली आहे.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही. समितीचं पत्र बँकांनी मानावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मधेच कळवलेलं आहे, तरी मला एका शाखेत "कोर्टाचा कागद आणा" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं, परिपत्रकाची प्रत जवळ ठेवावी.

न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी (वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत) हे पत्र लागत नाही. कायम राहण्यासाठी न्यासाची समर्थ-कम-घरौंदा योजना आहे, आणि बदलापूरची आधार ही पालकांनीच उभी केलेली संस्था.

पालक वारला तर पत्र आपोआप पुढच्याकडे जात नाही, नव्याने फॉर्म ए भरावा लागतो. म्हणून सत्तरीतले आईबाप शक्य असेल तर सुरुवातीलाच आपल्याबरोबर मुलाच्या धाकट्या भावंडाचं नाव घालायचं बघतात.