मोफत रुग्णसहायक प्रशिक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो कुठे

दहावीनंतर रुग्णालयात कामाला लागायचे असेल तर 'जनरल ड्युटी असिस्टंट', म्हणजे जीडीए, हा मोफत शिकता येण्यासारखा अभ्यासक्रम आहे. कागदावर जीडीए लिहिले जाते, वॉर्डात मात्र हाक येते ती मावशी किंवा मामा अशीच. रुग्णाला स्पंजिंग करणे, चादर बदलणे, भरवणे, बेडपॅन देणे, कूस बदलणे, स्ट्रेचरवरून नेणे, ताप आणि नाडी मोजून नर्सला सांगणे, हे यातले रोजचे काम. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे किंवा स्वतःच्या मनाने गोळी देणे यात येत नाही. 'तीन महिन्यांत नर्स व्हा' असे सांगणारे केंद्र भेटले तर तिथून सरळ उठून यावे. नर्स म्हणून काम करायला बारावीनंतर एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि जीडीएचे प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही.

म्हणून नाव घालण्याआधी अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि क्रमांक विचारावा. जीडीएचा क्रमांक एचएसएस/क्यू५१०१, घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या 'होम हेल्थ एड'चा एचएसएस/क्यू५१०२. हे अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे आहेत. माहितीपत्रकावर नुसतेच 'नर्सिंग असिस्टंट कोर्स' छापले असेल आणि क्रमांक विचारल्यावर उत्तर येत नसेल, तर तो खासगी कोर्स आहे असे समजावे.

दोन वाटा

पहिली वाट प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची. चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी वय १५ ते ४५ ठेवले आहे. शहर-खेडे असा भेद नाही, उत्पन्नाची अट नाही. प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्हींचा खर्च सरकार देते. मात्र या टप्प्यात अल्पमुदतीचे प्रशिक्षण नोकरी लावून देण्याच्या जबाबदारीपासून वेगळे केले आहे. केंद्र मदत करील, पण नोकरी देणे त्याला बंधनकारक नाही. शिवाय या टप्प्याची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती. तेव्हा जुन्या जाहिरातीवर विसंबू नये. केंद्रात पहिला प्रश्न हाच विचारावा: या अभ्यासक्रमाची तुकडी आत्ता मंजूर आहे का, आणि कोणत्या योजनेत?

दुसरी वाट दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची. ती फक्त ग्रामीण गरीब कुटुंबांसाठी आहे आणि महाराष्ट्रात 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. वय १५ ते ३५. महिला आणि दिव्यांगांना ४५ पर्यंत सवलत. प्रशिक्षण बहुधा निवासी असते, राहणे-खाणे मोफत. मूळ मार्गदर्शक सूचनांत तीन महिन्यांचा अभ्यासक्रम ५७६ तासांचा, सहा महिन्यांचा ११५२ तासांचा धरला आहे आणि शिकवलेल्यांपैकी किमान ७० टक्के मुलामुलींना नोकरी लावणे संस्थेला बंधनकारक आहे. नोकरी लागल्यावर सुरुवातीचा खर्च भागावा म्हणून महिना १००० रुपये देण्याची तरतूदही त्यात आहे: स्वतःच्या जिल्ह्यात दोन महिने, जिल्ह्याबाहेर तीन, राज्याबाहेर सहा. खेड्यातल्या गरजू मुलीला घराबाहेर राहता येणार असेल, तर आमच्या मते हीच वाट आधी तपासावी.

'ग्रामीण गरीब' कोणाला म्हणायचे यावर लोक उगाच मागे फिरतात. पिवळी किंवा अंत्योदय शिधापत्रिका चालते. घरातील कोणी मागील आर्थिक वर्षात मनरेगावर किमान १५ दिवस काम केले असेल तर तेही चालते. केशरी कार्ड असले तरी घरातली आई किंवा सून 'उमेद'च्या बचत गटात असेल, तर त्या आधारावर नाव घेता येते. गटाच्या अध्यक्षांकडून किंवा ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, सदस्यत्वाचा दाखला घ्यावा.

याखेरीज राज्याच्या कौशल्य विभागाची केंद्रे आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. जवळच्या केंद्रात आरोग्याचा अभ्यासक्रम असेलच असे नाही. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जिल्ह्यातील चालू तुकड्यांची चौकशी करावी, एकेक केंद्र पालथे घालण्यात बसभाडे घालवू नये.

शिक्षणाची अट जीडीएला साधारणपणे दहावी उत्तीर्ण. अभ्यासक्रमाच्या आवृत्तीप्रमाणे अनुभव असलेल्या आठवी-नववीच्या उमेदवारालाही सोय असते. रक्त काढण्याच्या फ्लेबोटोमीसारख्या अभ्यासक्रमांना अट वरची असते. योजनेत वय १५ पासून चालत असले तरी रुग्णालयातल्या प्रत्यक्ष सरावासाठी १८ पूर्ण असलेलेच बहुतेक ठिकाणी घेतात. सतरा वर्षांच्या मुलीने वर्ग सुरू होण्याआधी हे विचारून घ्यावे, नाहीतर सरावाच्या वेळी ती अडकते.

कागदपत्रे, आणि नावाचा घोळ

यादी लहान आहे: आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि लागू असेल तर जातीचा दाखला किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. ग्रामीण योजनेसाठी शिधापत्रिका, जॉब कार्ड किंवा गटाचा दाखला वेगळा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स स्वतः सही करून न्याव्यात आणि मूळ कागद फक्त दाखवावेत. मूळ गुणपत्रिका 'जमा' करून घेणाऱ्या केंद्राला ठाम नकार द्यावा.

अर्ज अडतो तो कागद नसल्यामुळे कमी आणि नाव न जुळल्यामुळे जास्त. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव येते. आधारवर क्रम उलटा असतो. नुसता क्रम बदललेला असेल तर सहसा निभावते. अडचण येते ती तीन ठिकाणी: आधारवर मधले नावच नसणे, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असणे, आणि लग्नानंतर आधारवर सासरचे नाव पण गुणपत्रिका माहेरच्या नावाची असणे. तिसऱ्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून नोंदणी करून घेणे, हा राजपत्रात नाव बदलून घेण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. जन्मतारखेतला फरक मात्र अर्जाआधीच आधारमध्ये दुरुस्त करावा, कारण प्रमाणपत्र आधारवरच्या माहितीवरून तयार होते आणि नंतर ते बदलताना नाकी नऊ येतात.

आधारला सध्याचा मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. घरात एकच फोन असेल आणि तो भावाच्या खिशात असेल, तर नोंदणीच्या दिवशी भावालाही सोबत न्यावे. बँक खातेही आधारशी जोडलेले असावे, नाहीतर भत्ता मंजूर होऊनही परत जातो.

नोंदणी

कौशल्य विकास योजनेसाठी स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर किंवा त्याच्या ॲपवर मोबाइल क्रमांकाने खाते उघडायचे, आधारने ई-केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, करायची, शिक्षण भरायचे, मग क्षेत्रात 'हेल्थकेअर' निवडून जिल्ह्यातल्या तुकड्या पाहायच्या. इथे नाव नोंदवले म्हणजे प्रवेश झाला असे नाही. केंद्रात जाऊन समुपदेशन आणि कागद तपासणी झाल्यावर, केंद्राने तुम्हाला एखाद्या तुकडीत घातल्यावरच प्रवेश पक्का होतो. पोर्टलवर स्वतःच्या खात्यात तुकडीचा क्रमांक दिसेपर्यंत वर्गात नियमित बसूनही काही उपयोग नाही, परीक्षेच्या यादीत नाव येत नाही. पहिल्या आठवड्यातच हे स्वतः तपासावे. ग्रामीण योजनेची नोंदणी 'कौशल पंजी' पोर्टलवर होते. ते जमत नसेल तर तालुक्याच्या 'उमेद' कक्षात किंवा गावातल्या समुदाय संसाधन व्यक्तीकडून, म्हणजे 'उमेद'साठी गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीकडून, ती करून घेता येते.

एकाच वेळी दोन केंद्रांत नाव घालू नये. आधार एकच असल्याने दुसरीकडे नाव चढत नाही, आणि पहिल्या केंद्राने सोडल्याखेरीज सुटतही नाही. काही केंद्रे संख्या भरायला ओटीपी फोनवर मागून घेतात, अशा वेळी तुम्हाला कळायच्या आत शिवणकामाच्या तुकडीत तुमचे नाव गेलेले असते. ओटीपी समोर बसूनच द्यावा.

वर्ग, परीक्षा, आणि एक इंजेक्शन

हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रावर लागते. साधारण ७० टक्क्यांखाली हजेरी गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. भांडी-धुणी किंवा शेतीचे काम करणाऱ्यांची बोटे घासलेली असतात आणि ठसा उमटत नाही. अशा वेळी आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घ्यावेत, तोवर रोजच्या कागदी हजेरीवर सही करून तिचा फोटो ठेवावा.

परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो. टॅबवर पर्यायी प्रश्न, तोंडी प्रश्न आणि प्रात्यक्षिक. प्रश्न मराठीत हवे असतील तर केंद्राला आधी सांगावे. मुले अडतात ती प्रात्यक्षिकात. साबणाने हात धुण्याचे सर्व टप्पे ४० ते ६० सेकंदांत. प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी. कचऱ्याचे रंग हमखास विचारतात: रक्ताने माखलेला कापूस पिवळ्यात, नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया पांढऱ्या न भेदता येणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुईला टोपण परत लावून दाखवले की गुण गेलेच, कारण सुई टोचण्याचा धोका तिथेच असतो.

त्याच धोक्यासाठी हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. डोस तीन: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. प्रशिक्षण संपल्यावर सुरू केली तर नोकरीचे पहिले अर्धे वर्ष पुरत्या संरक्षणाविना जाते. प्रवेशाच्या आठवड्यातच सरकारी रुग्णालयात चौकशी करावी आणि लसीचे कार्ड जपावे.

प्रमाणपत्र डिजिटल स्वरूपात पोर्टलवर येते आणि त्यावर क्यूआर कोड असतो. तो स्वतः स्कॅन करून पाहावा. घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचे काम देणारे ब्यूरो त्याशिवाय पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही मागतात, म्हणून तो अर्ज आधीच टाकावा. ब्यूरोशी बोलताना पाळी बारा तासांची की चोवीस, आठवड्याची सुटी, जेवण, आणि ब्यूरो पगारातून किती कापणार, हे लेखी घ्यावे.

गणवेश, पुस्तके, 'फाइल चार्ज' किंवा परीक्षा शुल्क या नावाने केंद्र पैसे मागू लागले तर आधी पावती मागावी. पावती द्यायला नकार मिळाला, तर केंद्राचे नाव, तुकडी क्रमांक आणि तारीख लिहून जिल्हा कौशल्य विकास केंद्राच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोहोचेचा शिक्का घ्यावा. ग्रामीण योजनेतली तक्रार जिल्हा परिषदेच्या ग्रामीण विकास यंत्रणेकडे जाते.